अक्काच्या टिपणांची फाईल

प्रिय अक्का,

काल तुझ्या स्मरणाच्या उपासनेनंतर सोनगीरच्या शांताबाईंनी मला बाजूला बोलावले. "अक्कानं मशीन बिघडनं व्हतं ना, त्यामा तिनं बठ्ठं लिखेल गयं. तुमले काही सापडी का?"

म्हणजे मशीन बिघडल्यामुळे सगळे लिखाण गेले, असे तू तुझ्या वर्गातल्या बायकांना सांगितले होतेस! मशीन बिघडले नव्हते, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होते. आता ते एकट्या मला ठाऊक आहे. ते मला पेलवत नाही, म्हणून हे पत्र.

रुग्णालयातली नोकरी संपल्यावर तू धुळ्यात बायकांचा बायबलवर्ग सुरू केलास, तेव्हा तुझ्या संगणकावर अभ्यासाचा प्रोग्राम मीच, तुझ्या धाकट्या भावाने, जळगावहून येऊन बसवून दिला होता. मूळ मजकूर, शब्दकोश, भाष्ये, नकाशे. प्रत्येकाची स्वतंत्र फाईल आणि सगळ्या एकाच फोल्डरमध्ये. त्यांच्याच शेजारी तुझ्या स्वतःच्या टिपणांची फाईल. कोणतीही ओळ निवडली की उजव्या चौकटीत तुझे अहिराणीतले स्पष्टीकरण उघडत असे. नऊ वर्षे तू ते लिहीत होतीस.

"प्रमाण मराठीत लिही," असे मी किती वेळा बजावले असेल?

"सायेब, ज्यासले सांगनं शे त्यासले समजाले पायजे," एवढेच तू म्हणायचीस आणि पुढची ओळ लिहू लागायचीस.

मग मी तुला नवा संगणक आणून दिला. प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होताच त्याने टिपणांसाठी एक कोरी फाईल आपोआप तयार केली, नाव तेच. मी जुन्या संगणकावरून फोल्डर आणला, तेव्हा एका नावाच्या दोन फाईली समोर आल्या. कार्यालयात मी आयुष्यभर एक नियम पाळला: एका नावाचे दोन कागद ठेवायचे नाहीत, नंतरच्या तारखेचा तो खरा. मी नंतरच्या तारखेची फाईल ठेवली. जुनी पुसली, रिसायकल बिनही रिकामी केली आणि जुना संगणक फॉरमॅट करून त्याच दिवशी देऊन टाकला. दोन्ही फाईली एकदा उघडून पाहायला किती वेळ लागला असता, अक्का?

तू त्या कोऱ्या चौकटीकडे पाहिलेस. मग चष्मा पुसलास. "जाऊ दे रे. मन्हा डोकामा शे बठ्ठं. तू जेवना का?"

आणि मी काय केले? माफी मागितली नाही. तारखेचा नियम कसा बरोबर होता, ते तुला समजावून सांगत बसलो. तू वरण गरम करीत ऐकून घेतलेस.

तू मला रागावली का नाहीस? रागावली असतीस तर निदान त्या दिवशी तरी माझ्या तोंडून तो एक शब्द निघाला असता. उलट तू माझी चूक मशीनच्या माथी मारलीस आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलीस. मी दर रविवारी येऊन फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेत असे. त्यात काय भरले जात आहे, हे एकदाही उघडून वाचले नाही.

आज वाचले. सत्तावीस टिपणे आहेत. शेवटचे मेंढपाळाच्या स्तोत्राशेजारी आहे: "आपला ठेलारी मेंढरसना पुढे चालत नही," आणि पुढे कोरे.

त्या कोऱ्या जागेपुढे मला बसवेना. शांताबाईंना फोन करून ती ओळ वाचून दाखवली. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "मांगे चालस. म्हनीसन दमेल पिल्लू त्याले पयले दखास. सोनगीरना रस्तावर अक्कानी आमले दखाडं व्हतं ना!"

दमलेले पिल्लू आधी दिसावे म्हणून आपल्याकडचा मेंढपाळ मागून चालतो. हे तू त्यांना रस्त्यावर उभे करून शिकवलेस आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. खरे सांगण्याची वेळ तीच होती. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

येत्या रविवारी असे होणार नाही. तुझ्या वर्गासमोर उभा राहून सांगेन की मशीन बिघडले नव्हते, अक्काचे लिखाण माझ्या हातून पुसले गेले. त्यानंतरही त्या माझ्याशी बोलल्या, तर जिला जे आठवते ते लिहून घेईन. अहिराणीतच, एकही शब्द न सुधारता. त्याची फाईल वेगळी असेल. तुझी फाईल त्या अर्ध्या ओळीसकट तशीच राहील. तिच्यावर मी काहीही चढवणार नाही, ते अर्धे वाक्यसुद्धा पुरे करणार नाही.

आणि तू विचारशीलच म्हणून सांगतो, अक्का: नाही, अजून जेवलो नाही.

तुझा सायेब,
सुधाकर