हिरव्या गाऊनमधली बाई

तीर्थरूप वन्सं,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा, हे पाळताय ना? इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. म्हणजे कालपासून ठीक आहे. त्याआधीचे चार दिवस कसे गेले ते देवाला ठाऊक, आणि आता तुम्हाला सांगते. फोनच केला असता, पण तुम्ही तो मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवून बोलता आणि तुमचा सगळा जिना ऐकतो.

झालं काय, लेकीने मला इंटरनेटवर रस्ते बघायला शिकवलं. गाडीवर कॅमेरा लावून कुणीतरी जगभरच्या गल्लीबोळांचे फोटो काढून ठेवलेत. आपण नुसतं बोट सरकवायचं, की चालायला लागलो. (मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण भूगोल माझा पहिल्यापासून पक्का.) चप्पल झिजत नाही, तहान लागत नाही, दुकानं उघडी असली तरी आत जाता येत नाही. आठवड्याभरात मी दोन वाळवंटं आणि एक दीपगृह करून आले. एका गावात कुणी गृहस्थांनी रस्त्यात सापडलेल्या एकेकट्या हातमोज्यांसाठी कुंपणावर खुंट्या ठोकल्यात, ज्याचा त्याने ओळखून न्यावा. मला मनापासून पटलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी आपल्या गल्लीत शिरले.

दुसऱ्या मजल्यावर आमची गॅलरी, आणि गॅलरीत एक बाई. माझा हिरवा, मोठ्या फुलांचा गाऊन घातलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, ऐसपैस उभी, जणू घर तिचंच. चेहरा पुसट. (सगळ्यांचेच पुसतात म्हणे, अब्रूसाठी. कुणाच्या, ते विचारायला तिथे कुणी नसतं.) कोपऱ्यात महिना लिहिलेला, गेल्या वर्षीचा नेमका तोच, जो मी तुमच्या ऑपरेशनसाठी सबंध तुमच्याकडे काढला. वहीत पाहिलं. पहिल्या तारखेला निघाले, एकतीसला परतले. लेक तेव्हा वसतिगृहात. घरात हे एकटे.

वन्सं, पायाखालची जमीन सरकली हो. सव्वीस वर्षांचा संसार आणि माझ्या गाऊनात दुसरी! देवापुढे बसून डोळे मिटावेत, तर समोर गाऊनच. त्यातून तो तिला माझ्यापेक्षा शोभत होता, हे जास्त लागलं. मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. ते तुमच्या बंधुराजांच्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी. म्हणाले, "घसा बसलाय का? गरम पाणी पी."

काल मी फोन त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, "ही कोण?" त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला, आणि तोंडभर हसून म्हणाले, "अगं, मीच की हा! फोटो झकास आलाय!"

मग सगळं बाहेर आलं. मी निघाले त्याच आठवड्यात ह्यांनी घरातले यच्चयावत कपडे लाल पायपुसण्यासकट गरम पाण्यात भिजवले. ते पुन्हा पुन्हा धुताना अंगावर घालायला कोरडं उरलं नाही, म्हणून खुंटीवरचा गाऊन. ऊन लागतं म्हणून डोक्याला टॉवेल. लेकीने फोटो मोठा करून पाहिला, तर बाईच्या मागे दोरीवर सात गुलाबी बनियनं, प्रत्येक एकाच खांद्याने लटकवलेलं. असे कपडे वाळत घालणारा माणूस जगात एकच, आणि तो तुमच्या पाठचा. (परतल्यावर मी विचारलं होतं, बनियनं गुलाबी कशी? तर म्हणाले, साबण वाईट. त्या शब्दावर मी दुकानदाराशी भांडून दोन वड्या परत केल्या होत्या. आता त्या दुकानावरून मान खाली घालून जावं लागतं.)

तरी मी लगेच विश्वास ठेवणारी नव्हे. गाऊन घालायला लावला, टॉवेल बांधला, गॅलरीत उभं केलं. उभं राहायची ढब कोपराच्या बाकापर्यंत तीच! तेवढ्यात समोरचे पोस्टमास्तर, निवृत्त, एकटे राहतात, बाहेर आले आणि चेहरा उजळून त्यांनी हात हलवला. आणि ह्यांनी सवयीने हलवला परत! पोस्टमास्तर मला ओरडून विचारतात, "वहिनी, पाहुण्याबाई परत आल्या का? वर्षभर दिसल्या नाहीत!"

म्हणजे एक दिवस नव्हे. खोदून विचारलं तर अकरा दिवस. "हवा खेळती राहते गं," म्हणाले. वन्सं, मी हसत हसत खालीच बसले. नंतर देवाला हात जोडले आणि चार दिवसांची झोप दुपारीच काढली.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. गाऊन मी ह्यांनाच देऊन टाकला. पोस्टमास्तरांना अजून खरं सांगितलेलं नाही. त्यांना तेवढाच विरंगुळा.

ता. क. दुसरा. मुख्य लिहायचं राहिलंच. मंगळवारी रागाच्या भरात मी तुम्हाला एक जाड खाकी पाकीट टाकलंय, आठ पानी. त्याला गाठावं म्हणून हे पत्र जादा तिकीट लावून पाठवते आहे. ते आलं तर उघडू नका, भावोजींच्या हाती लागू देऊ नका, तसंच फाडून टाका.

ता. क. तिसरा. उघडलंच असेल, तर बाईबद्दलचं पान तिसरं, तेवढंच फाडा. उरलेली सात तुमच्या भावाबद्दल आहेत आणि त्यातलं एक अक्षर खोटं नाही. ती जपून ठेवा. माझ्याकडे नक्कल नाही.