सरकलेला थांबा आणि कोबीचे चाळीस गड्डे

सुगिनोसावा वाडी,
१ मार्च

आदरणीय तोकिए मावशी,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. वीस नोव्हेंबरला मी कोबीचे चाळीस गड्डे बर्फाखाली गोड व्हायला ठेवले आणि त्या जागेची मोजणी करून ठेवली.
२. सतरा आणि अठरा फेब्रुवारीला मोजणीप्रमाणे खणलं. कोबी मिळाला. चूक चार सेंटिमीटर.
३. त्यातले बावीस गड्डे वाडीतल्या अकरा घरांत वाटले, सहा शेजारच्या हात्सुए आजींना दिले, दोन तुम्हाला पार्सलने पाठवले.
४. सत्तावीस फेब्रुवारीला कळलं की तो कोबी माझा नव्हता. हात्सुए आजींचा होता.
५. म्हणजे तुम्हाला मिळाला तो चोरीचा आहे. अजून खाल्ला नसेल तर खाऊ नका. खाल्ला असेल तर कसा लागला ते कळवू नका.

पत्राची सुरुवात ऋतूच्या उल्लेखाने करावी, मग समोरच्याची प्रकृती विचारावी, हे तुम्हीच मला शिकवलंत. क्रम चुकला, क्षमा असावी. ऋतू : बर्फ, दोन मीटर सत्तर सेंटिमीटर. प्रकृती : तुमचा डावा गुडघा कसा आहे? जिन्यावरून दिवसातून दोनदाच चढउतार करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही ते पाळत नसाल असं गृहीत धरते. माझी प्रकृती ठीक आहे. खांदे दुखतात, पण छपरावरचं बर्फ उतरवणाऱ्या प्रत्येकाचेच इथे दुखतात, त्यामुळे तो आजार धरत नाहीत.

नववर्षाच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की खिडकीशी बसून बर्फ बघत चहा पिताना किती प्रसन्न वाटत असेल. खालच्या मजल्याच्या खिडक्या डिसेंबरपासून फळ्या ठोकून बंद आहेत आणि फळ्यांच्या पलीकडे बर्फच आहे. चहा मी पिते. तरीही खोटं लिहिणार नाही, फेब्रुवारीच्या शेवटी काही सकाळी वेगळ्या असतात. आदल्या दिवशी ऊन पडतं, पहाटे कडक थंडी पडते आणि वरचा थर इतका घट्ट होतो की माणूस कुठूनही कुठेही चालत जाऊ शकतो. कुंपणावरून, ओढ्यावरून, बांधावरून, सरळ रेषेत. सगळी वाडी तेव्हा विनाकारण चालायला बाहेर पडते. मीही पडते. (अशा सकाळी मी गुणगुणते, असं इथले लोक सांगतात. मला त्याची कल्पना नाही.) पण बांध दिसत नाही म्हणजे बांध नसतो असं नव्हे, हा मुद्दा पुढे येईलच.

तो येण्याआधी माझी सध्याची स्थिती सांगायला हवी. माझं घर आणि भाजीचा तुकडा ज्यांचा आहे ते शहरात गेले आणि दोन्ही वाडीच्या हवाली करून गेले. मला ते तीन वर्षांसाठी मिळालं होतं. ती मुदत या महिन्यात संपते. पंधरा मार्चला सभागृहात वाडीची बैठक आहे. तिथे एका तरी घराने माझ्यासाठी हात वर केला, तर मी राहणार. नाही केला, तर एकतीसला घराला कुलूप. हात वर करायचं हात्सुए आजींनी कबूल केलं होतं. दुसऱ्या कोणाशी मी तेवढी बोललेलेच नाही.

हात्सुए आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा तुकडा माझ्या तुकड्याला लागून, मध्ये वीतभर उंचीचा बांध. आपला कोबी बर्फाखाली कुठे आहे हे त्या अक्रोडाच्या झाडापासून पावलं टाकून काढतात. गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं होतं, "आजी, पाऊल हे माप नाही. ते दरवर्षी आखूड होतं." त्या म्हणाल्या, "मी आखूड होते, तसा मळाही जवळ येतो गं." हे उत्तर शास्त्रीय नाही असं मी त्यांना समजावून सांगितलं. (सात मिनिटं.)

मी भूमापनाची पदवी घेतलेली आहे. मी दोन स्थिर बिंदू निवडले. एक देवळाचा दगडी खांब, दुसरा बसथांब्याचा लोखंडी खांब. दोन्हींपासून अंतरं घेतली, वहीत लिहिली. फेब्रुवारीत तीच अंतरं पुन्हा मोजली आणि ती जिथे मिळाली तिथे दोन दिवस खणलं. शेवटचा हातभर थर हाताने काढला आणि समोर हिरवं पान दिसलं. मावशी, मी त्या खड्ड्यात मोठ्याने हसले. चाळीस गड्डे काढून थांबले, कारण माझे चाळीसच होते. कडेला आणखी काही दिसत होते. ते मी मोजणीत धरले नाहीत.

एकच गोष्ट खटकली. माझे गड्डे मी सुलटे ठेवले होते, हे पालथे निघाले. यावर मी पूर्ण संध्याकाळ विचार केला आणि असा निष्कर्ष काढला की बर्फाचा थर उताराकडे सरकताना त्याच्या दाबाने गड्डे गोल फिरले असावेत. आकृती काढली. दुसऱ्या दिवशी बर्फ उपसून झाल्यावर सगळे सभागृहात चहाला बसले होते, तिथे ती आकृती दाखवली. सगळ्यांनी नीट ऐकलं. वाडीप्रमुख तामेजी यांनी तेवढं विचारलं, "सगळेच फिरले?"

"चाळीसच्या चाळीस."

"आणि एकही अर्ध्यावर थांबला नाही?"

"नाही. हेच विशेष आहे."

"विशेषच," तामेजी म्हणाले आणि कपात बघत बसले. त्यांच्या पत्नीला जोराचा ठसका लागला. मी तिला पाणी आणून दिलं.

मग वाटप. प्रत्येक घरी दोन गड्डे, वर चिठ्ठी. इथल्या रीतीप्रमाणे रिकाम्या हाताने कोणी परत पाठवत नाही, त्यामुळे मुळ्याचं लोणचं, सुकवलेली फळं, तांदळाचे वडे असं बरंच घेऊन आले. हात्सुए आजींनी एक गड्डा हातात घेतला, उलटा करून देठ पाहिला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाल्या, "छान झालाय गं. अगदी माझ्यासारखा."

मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जरा घट्ट आहे, आजी."

हे वाक्य मी म्हटलं. ते पुसता येत नाही.

सत्तावीसला पोस्टात जायचं होतं म्हणून बसची वाट बघत उभी होते. बस आली ती थांब्याच्या पुढे गेली नाही, मागे राहिली नाही, बरोबर खांबासमोर दार. मी चालकाला सहज म्हटलं, एवढ्या बर्फात थांबा बरा सापडतो तुम्हाला. तो म्हणाला, "न सापडायला काय झालं? आम्हीच तर ओढून ठेवतो. बर्फ ढकलणाऱ्या गाडीला वळायला जागा लागते ना! डिसेंबरात अकरा मीटर खाली, एप्रिलात परत वर." मी विचारलं, दरवर्षी? "माझ्या बापाच्या वेळेपासून. का हो मोजणीबाई, बसताय ना?"

मी बसले नाही. खांबाच्या बुडाशी बर्फ उकरून पाहिलं. खांब काँक्रीटच्या चकतीवर नुसता उभा केलेला आहे. तीन वर्षं मी त्याच्यापाशी उभी राहते आहे आणि त्याच्या बुडाकडे मी कधी पाहिलं नव्हतं. अकरा मीटर म्हणजे बांध ओलांडून आजींच्या तुकड्याच्या बरोबर मध्ये. माझी मोजणी अचूक होती. हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

रीतसर कबुली द्यावी म्हणून वाडीप्रमुखांकडे गेले. तामेजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला आज कळलं?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिलं फावडं मारलंत तेव्हा. सगळी वाडी माडीच्या खिडकीत होती. आम्हाला वाटलं, हात्सुएबाईंना मदत करताय."

"मग वाटायला आले तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही हसत दारात आलात. बायको म्हणाली, आज काही बोलाल तर जेवायला मिळणार नाही."

पुढे असं समजलं की बावीसपैकी एकोणीस गड्डे त्याच संध्याकाळी एकेका घरातून हात्सुए आजींच्या मागच्या दाराने परत गेले. तीन आधीच चिरून झाले होते. माझ्या हातून सहा मिळाले ते धरून आजींकडे पंचवीस जमले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी लोणचं देऊन वाटेला लावलं, कारण रीत. म्हणजे एका चोरीने सगळी वाडी संध्याकाळभर कामाला लागली होती आणि चोर घरी आकृती रंगवत बसला होता.

दोन दिवस मी आजींच्या दारापर्यंत गेलेले नाही. तीनदा बूट घालून पुन्हा काढले. चोरीची क्षमा मागता येते. आपल्याला सांभाळून घेतलं गेलं, अकरा घरांनी ओठ दाबून सांभाळून घेतलं, त्याची क्षमा कशी मागतात ते मला माहीत नाही. त्यांनी मला हाकललं असतं तर ते सोपं गेलं असतं. पंधराच्या बैठकीत त्या सगळ्यांसमोर बसणं मला जमणार नाही, आणि ज्यांचा कोबी काढला त्यांनीच माझ्यासाठी हात वर करावा अशी अपेक्षाही मी धरू शकत नाही. बारा तारखेला मी घर रिकामं करून परत येते. तुमची माडीवरची खोली मोकळी असेल तर ती द्यावी. माझ्या जुन्या ऑफिसात जागा आहे का, हेही कोणाकडून तरी विचारून घ्यावं. मी भाजीपाल्याच्या कामाला लायक नाही, हा या तीन वर्षांचा निष्कर्ष.

गुडघ्याला जपा.

तुमची,
चिहो

ता. क. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात हात्सुए आजी दार न वाजवता आत आल्या. त्यांनी अक्रोडापासून पावलं टाकून माझे गड्डे शोधले आणि तामेजींकडून खणून घेतले. चौतीस सडले होते, सहा चांगले. ते सहा त्यांनी माझ्यासमोर मांडले. "कोबी पालथा ठेवतात गं. नाहीतर पाणी डोक्यात जातं." मी कपाळ जमिनीला टेकवून क्षमा मागायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "ऊठ, कोबी काय दरवर्षी येतो. हे पत्र कुणाला?"

"मावशीला."

"कुठली मावशी? तू तर म्हणाली होतीस, तुला कुणी नाही."

त्यांनी विचारलं, "वाढवलं कुणी तुला?" मी म्हटलं, तिनेच, आठव्या वर्षापासून. त्यावर त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "माझा कोबी नेलास तेव्हा तुला माहीत नव्हतं. हे तर तू माहीत असून केलंस. जित्याजागत्या बाईला पुसून टाकलंस! पंधराला मी हात वर करीन. पण आधी तिला माझ्यासमोर आणून बसव."

ता. क. २. खोलीबद्दल आणि ऑफिसबद्दल लिहिलेलं रद्द समजावं. कोणाला काही विचारू नका.

इथे आले तेव्हा घरी कोण असतं म्हणून सगळे विचारत. तुमचं नाव सांगितलं असतं, तर ती कधी येणार हा पुढचा प्रश्न आला असता, आणि मी तुम्हाला बोलावलेलंच नाही हे सांगावं लागलं असतं. मी तुम्हाला न विचारता निघून आले होते. कोणी नाही, या उत्तरावर पुढे प्रश्न येत नाहीत. मला ते सोयीचं वाटलं. त्याबद्दल क्षमा मागते. कोबीबद्दल नव्हे, याबद्दल.

चौदा मार्चला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बस येते. जिना नाही, तुमचं अंथरूण खालीच घालीन. बर्फातले बूट तेवीस मापाचे आणून ठेवते. माप बदललं असेल तर सांगा. तुम्ही येणार की नाही, ते दहा मार्चपर्यंत कळवा.