घंटा वाजली नव्हती

प्रिय बाबा,

आईने पाठवलेला बेरीचा मुरंबा पोचला. अर्धी बाटली एका बैठकीत संपवली, आता पोट कुरकुरतंय. डोकं तर त्याहून जास्त. काय करावं सुचत नाही म्हणून लिहितेय. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून आईकडे देऊन मोकळा होतोस.

मी एम.एस्सी.ला संशोधन घेतलं तेव्हा बंदराच्या धक्क्यावर सगळ्यांना सांगत होतास, "आमची व्हर्ना माशांचे वाढदिवस मोजते, त्याला म्हणे दोन वर्षं लागतात!" पण प्रत्येक कॉड माशाच्या कानाच्या आतले हाडासारखे खडे तूच काढलेस, पाकिटात घातलेस, वर तारीख नि जागा लिहून पाठवलीस. खडा कापला की वर्षाला एक वलय दिसतं. ज्या पाकिटांवर तू 'उत्तर बेट' लिहिलंस, त्यातले निम्मे मासे चांगले वाढलेले, निम्मे खुरटे. एकाच जागी असं कसं? माझ्या मार्गदर्शक पार्डी बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "पोरी, हे नवीन आहे गं!" मी अख्खं प्रकरण लिहिलं. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा.

आणि परवा 'उत्तर बेट' लिहिलेल्या एका पाकिटावर चौदा जुलै दिसली. अरे बाबा, त्या दिवशी मी होते ना होडीत! धुकं इतकं की तुझी टोपीसुद्धा दिसेना. उत्तर बेटाजवळ ती तरंगती घंटा आहे, लाट आली की वाजते. त्या दिवशी लाटा असूनही ती एकदाही वाजली नाही. म्हणजे आपण तिथे नव्हतोच!

आधी राग आला, मग हसू, मग रडलेच. मासे लागायची जागा तू सख्ख्या भावाला सांगत नाहीस. कुणी विचारलं की "उत्तर बेट" म्हणतोस. सवयीने लिहिलंस की माझ्यापासूनही लपवलंस, तेच कळत नाही. गप्प बसले तर पदवी मिळेल. पण माझं वाचून उद्या सरकारने मासेमारीची मर्यादा ठरवली, तर उपाशी कोण राहील? तुम्हीच ना?

आज पार्डी बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "खरी जागा कळली तर सहा महिने जास्त. नाही तर पहिल्यापासून." बरोबर केलं की मूर्खपणा, देव जाणे. सोबत पाकिटांची यादी आणि नकाशा आहे. आजोबांनी ती जागा तुला सांगितली. तू कुणाला सांगणार, हे कधी बोलला नाहीस. यादीतल्या तिथल्या पाकिटांवर खूण कर, नकाशावर खऱ्या जागी पेन्सिलीने फुली मार. काम झालं की मी स्वतः खोडेन, प्रबंधात फक्त 'उपसागराचा एक भाग' लिहीन. नसेल सांगायचं तर नकाशा कोराच परत पाठव. पण या वेळी 'उत्तर बेट' लिहू नकोस.

तुझीच,
व्हर्ना