यांचा हात, माझं सोल्डर

४ जाने. ९९
कागलच्या टायपिंग क्लासचा मॉनिटर आमच्या दुकानात दुरुस्तीला परत आला. तिसऱ्यांदा. क्लासचे सर म्हणाले, "वहिनी, आठ दिवस चालतंय की पुन्हा काळं." हे चहाला गेले होते. मी मागचं झाकण काढलं. जोडांवर वितळवून भरलेलं कथील, सोल्डर, यांचंच, पण नुसते गोळे. एक तर शेजारच्या टोकाला चिकटलेला. पंधरा वर्षं यांचं काम बघतेय. असं कधीच नाही.
हे आल्यावर मी यांना सांगितलं, पार्ट डुप्लिकेट निघाला. लगेच पटलं त्यांना.

११ जाने.
बशीत ओतताना निम्मा चहा खाली. "थंडी हाय." एवढी कुठली थंडी? दाढी करताना हनुवटीला दोन ठिकाणी कापलंय. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी अंगठा हलतो.
डॉक्टरकडे जाऊया म्हटलं.
"हात दमलाय जरा. दुसरं काय न्हाय."

१९ जाने.
आज केलं शेवटी. हे जेवून दुकानामागच्या खोलीत आडवे झाले. टेबलावर यांनी सकाळी केलेले दोन मॉनिटर, एक टीव्ही. सगळं सोल्डर ओढून काढलं, पुन्हा भरलं. तास गेला.
लग्नानंतर यांनीच शिकवलं. माझा हात हातात धरून. "आधी जागा तापव, सुमन. घाई करू नको. सोल्डर आपणहून पळत जातंय बघ." सासूबाईंना पटलं नव्हतं. हे म्हणाले होते, हिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय.
धूर जाईना. उदबत्ती लावली. हे उठून आले, म्हणाले, आज काय सण हाय का?

२२ फेब्रु.
महिनाभरात एकही सेट परत नाही. रोज दुपारी तेच करते. चोरी केल्यासारखं वाटतं, आणि काम चांगलं झालं की बरंही वाटतं. दोन्ही.
हे खुशीत. "बघ, बसला का न्हाय हात?" डॉक्टरचं काढलं तर, "काम चोख होतंय. मग डॉक्टर कशाला?"
तोंडाशी आलं होतं. नाही बोलले.

७ मार्च
इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आला. चालूच होत नाही. बिघाड मदरबोर्डात. असलं बारीक काम आपण पुण्याला पाठवतो. पण यांनी "करतो की!" म्हणून ठेवून घेतला.
मी म्हटलं, पाठवूया ना. "का? हात कुणाचा हाय?"

९ मार्च
माझी आई, अव्वा, घसरून पडली. पाय दुखावलाय. गडहिंग्लजला माहेरी आलेय. भाऊ म्हणतो आठ दिवस राहा. दोन दिवस म्हटलं. यांना निघताना सांगितलंय, बोर्डाला मी आल्यावर हात लावा. हसले नुसते.

११ मार्च
दुकान अर्धं उघडं. हे बाकड्यावर. समोर तो बोर्ड, मधोमध करपलेला. शेजारी न्यायला तयार ठेवलेला टीव्ही, झाकण काढून.
म्हणाले, "बोर्ड जळला. मग म्हटलं आपलंच आधीचं काम बघावं, म्हंजे धीर येईल."
मी पिशवी खाली ठेवली नव्हती अजून.
"हे माझं काम न्हाय, सुमन."
टीव्ही माझ्याकडं वळवला. "कधीपास्नं?"
"जानेवारी."
"सगळे?"
"सगळे."
ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. टीव्हीचं झाकण लावायला घेतलं, स्क्रू भोकात बसेना. तीनदा पडला. मी उचलून दिला नाही. देता आला नाही.
"मला वाटलं, हात बरा झाला."

१५ मार्च
इचलकरंजीला फोन मी केला. चूक आमची, बोर्ड बदलून देतो. हे दुकानात आले नाहीत. चार दिवस झाले.

२ एप्रिल
मोठ्या डॉक्टरांकडे. आजाराचं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही. कागद देऊन यांना पाच वेळा सही करायला लावली. पहिली नेहमीसारखी, पाचवी मुंगीएवढी. गोळ्या जन्मभर.
"आधी का आला नाहीत?"
हे म्हणाले, "मधी बरं वाटत हुतं." माझ्याकडे बघितलं नाही.
चूक कुणाची ते मला ठाऊक आहे.

६ मे
दुकान मी एकटी बघते. गिऱ्हाईक दारातनं वाकून, "मालक हायत का?" नाहीत म्हटलं की काहीजण परत जातात. काही थांबतात.
हे घरी. गोळ्या वेळेवर घेतात. बोलतात, पण भाजी, लाईट, अव्वाचा पाय, एवढंच. दुकानाचं एक अक्षर नाही.

२३ मे
तीन दिवस एका मॉनिटरवर अडलेय. चित्र दर दहा मिनिटांनी आक्रसतं, आपोआप भरतं. सगळं तपासलं. सगळं. हे दुकानात असते तर नुसत्या आवाजावरनं—
संध्याकाळी रिक्षात घालून घरीच आणला. यांच्यापुढं टेबलावर ठेवला. म्हटलं, "मला सापडेना."
माझ्या तोंडाकडं बघितलं.
"खरंच?"
"खरंच."
पूर्वी असं विचारलं नसतं यांनी. वायर लावून दिली आणि मी आत आले. भात शिजत आला. बाहेर मॉनिटर सुरू केल्याचा आवाज अजून नाही.