खाडीचं उभं पाणी

वर्तकनगर, ठाणे
१४ नोव्हेंबर १९९४

चि. चंदूस अनेक आशीर्वाद.

शनिवारी, १२ नोव्हेंबरला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, इस्पितळात माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून तू सर्जनना इंग्रजीत सांगितलंस, की ऑपरेशन नको, ताईला घरी नेतो, पित्ताचे खडे आहेत असं सांगू. मी इंजेक्शनच्या गुंगीत होते, झोपलेली नव्हते. आणि आपल्या दोघांत कॉन्व्हेंटात कोण गेलं होतं रे? सिस्टरांच्या छड्या मी खाल्ल्या, आणि माझ्यापासून लपवायला तू इंग्रजी वापरतोस? तेही मोडकं!

सर्जनचं बोलणंही ऐकलं. यकृतात कर्करोगाची गाठ आहे, आणि तिचं बोटासारखं टोक काळजाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत शिरलंय. वरून खालून रक्त अडवायचं, शीर उघडायची, बोट काढून पुन्हा शिवायची. मला भीती वाटली नाही. वाटलं, बाच्या होडीत आडवी पडलेय. भरती संपलीय, ओहोटी लागायचीय. खाडीचं पाणी उभं राहिलंय आणि वर कुणी हळू आवाजात बोलतंय.

तुझ्या शेजारच्यांच्या फोनवर तू येत नाहीस, म्हणून हे पत्र. मला न विचारता का ठरवलंस ते कळव. मंजुळेस आशीर्वाद. माझा लोभ आहेच, सध्या रागाखाली दबलाय इतकंच.

तुझी ताई,
सरस्वती

डोंबिवली
१८ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

चुकलो. फोनवर आलो नाही, कारण तुझा आवाज ऐकून रडलो असतो आणि तू हसली असतीस.

सर्जननी मला बाहेर नेऊनही सांगितलं. ती शीर फाटली तर माणूस टेबलावरच जातो. असं ऑपरेशन त्यांनी फार वेळा केलेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. ऑपरेशनशिवाय किती दिवस, असं विचारलं, तर म्हणाले, काही महिने. मी ते महिने धरले, ताई. मंजुळेने पश्चिमेची खोली झाडून ठेवलीय. तिथून संध्याकाळी खाडीवरचा वारा येतो. ती म्हणते, वन्संना इथेच आणा, मी पेज करून घालीन, त्यांचे टोमणेही ऐकून घेईन.

बा गेले तेव्हा तूच घर धरलंस. तुला ऑपरेशनच्या खोलीच्या दारातून आत ढकलायला माझा हात धजत नाही. रागाव, पण ये.

तुझा धाकटा,
चंदू

वर्तकनगर, ठाणे
२१ नोव्हेंबर १९९४

चि. चंदूस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. हसले नाही, हे लिहून ठेव.

मंजुळेची खोली चांगलीच असणार. पण तिथे पडून मी काय पाहायचं? तुम्ही दोघं खड्यांच्या गोष्टी सांगताय आणि मी विश्वास ठेवल्याचं सोंग करतेय! ते महिने माझे आहेत. ते कशावर लावायचे, मी ठरवणार.

परवा मी सर्जनना भेटले. सगळं पुन्हा विचारलं, या वेळी मराठीत. मरण्याची शक्यता त्यांनी मलाही सांगितली. सही मी केली. ऑपरेशन सोमवारी, २८ तारखेला. तेव्हा तुझा हात धजतो की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

हल्ली दुपारी डोळा लागला की तेच पाणी दिसतं. आठवतं तुला? पाणी उभं राहिलं की बा जाळं ओढायला वाकायचा. तेवढ्यात होडी हलू नये म्हणून खुंटाची दोरी तुझ्या हातात द्यायचा. तू एवढासा, भीतीने डोळे मिटलेले, पण दोरी कधी सोडली नाहीस. मला रोज होडी दिसते, पाणी दिसतं. दोरीशी कुणी दिसत नाही.

मला तुझी सही नको, परवानगी तर नकोच. दाराबाहेर बसलेला माणूस हवाय. डोळे मिटून बसलास तरी चालेल.

शुक्रवारी, २५ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत, येतोस की नाही ते लेखी कळव. फोन केलास तर घेणार नाही. मराठीत लिही.

ताई