बॉनेटची दांडी

खडकी,
बुधवार सकाळ

प्रिय योगेश,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर द्यावासा वाटला तर. तू आता माझ्या पुढच्या खोलीत उभा असशील आणि नम्रताचा फोन तुझ्या हातात असेल. त्यातलं लोकेशन बघत तू विमानतळावरून तडक इथे येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तो टेबलावरच ठेवलाय. शेजारी एक लोखंडी दांडी आहे, तिचं पुढे सांगते. दाराला लाथ घालायची गरज नव्हती, कडी लावलेलीच नाही. मोरीत, माळ्यावर, कपाटामागे सगळीकडे बघून झालं असेल तर बस. शेजारच्या मदिनाबीला विचारायला जाऊ नकोस. तिला काही माहीत नाही, आणि असतं तरी तुला सांगितलं नसतं.

शेडमध्येही डोकावला असशील. तुझ्या बाबांची गाडी तिथे नाही. आठ वर्षं ती हलली नव्हती, तुझ्या लग्नापासून. त्या दिवशी गाडी चालू करताना चोकचं बटण जड लागत होतं. बाबा शेजारी बसून सांगत होते, ओढू नको, आत गंज आहे. पण सासरची माणसं बघत असताना तू कसला ऐकतोस. असा हिसका दिलास की तुटक्या तारेसकट बटण हातात आलं, आणि ते नम्रताच्या मांडीवर फेकून तू हसलास. तिला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं होतं, पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. घरी आणून हँडब्रेक लावला तो कायमचा. हँडब्रेकची केबल गंजली आणि मागची चाकं अशी आवळली गेली की गेल्या दिवाळीत तू तीन मित्रांना घेऊन ढकलायला आलास तरी गाडी इंचभर सरकली नाही. मग तू दाराला लाथ घातलीस. तो पोचा अजून आहे.

शनिवारी दुपारी नम्रता कर्वेनगरहून रिक्षाने आली, सलोनीला घेऊन. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. मी बरं म्हटलं आणि चहा टाकला. सलोनी बिस्किट बुडवत होती, ती म्हणाली, "आजी, बाबांनी आईचा हात फिरवला ना, बाटलीचं झाकण फिरवतात तसा, मग टक् वाजलं." पाच वर्षांची पोर. ते टक् तिने ओट्यावर बोटाने वाजवूनही दाखवलं. मग नम्रताने सगळं सांगितलं. फोनला नवा पासवर्ड टाकला एवढंच कारण होतं म्हणे. तू त्याच दिवशी ऑफिसच्या कामासाठी बेंगळुरूला गेलास, तिला सांगून की मी येईपर्यंत डोकं ठिकाणावर आण. म्हणजे आम्हाला चार दिवस मिळाले.

चार दिवस होते तर बसने का नाही गेलात, असं तू विचारशील. गेल्या वर्षी ती बसनेच निघाली होती ना? स्वारगेटला तू तिला दंडाला धरून भरल्या बसमधून खाली ओढलंस आणि अख्खी बस खिडकीतून मजा बघत बसली. ॲपवरून गाडी मागवली की तुझ्या फोनवर टिंग होतं. तुमच्या स्वतःच्या गाडीने टोलनाका ओलांडला तरी तुला मेसेज येतो. बाबांची गाडी छप्पन्न सालची आहे. तिच्या काचेवर असलं काही चिकटवलेलं नाही. ती कुठे गेली हे चालवणाऱ्यालाच माहीत असतं, आणि चालवणार आहे मी. माझ्या वयाबद्दल काळजी वाटत असेल तर ती आधी नम्रताच्या मनगटाबद्दल वाटायला हवी होती.

तर शनिवारी संध्याकाळीच मी कामाला लागले. केबल म्हणजे आत पीळ दिलेली तार आणि बाहेर तिचं कव्हर. कव्हरात गंज धरला की तार अडते. अडाणी माणूस जोर लावतो. मग आतला एकेक धागा तुटत जातो, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस सगळीच हातात येते. मी चोक, ॲक्सिलरेटर आणि हँडब्रेक, तिन्ही केबल काढल्या. चोकची तार तू तोडलेलीच होतीस, तिथे नवी ओवली. बाकीच्या दोन्ही केबल दिवसभर डिझेलमध्ये भिजवल्या, मग खिळ्याला उभ्या टांगल्या. वरच्या टोकाला घट्ट कणकेची वाटी थापायची आणि तिच्यात शिलाई मशीनचं तेल ओतायचं. ते थेंबथेंब आत उतरतं. खालून आधी तांबडं पडतं, मग काळं, मग स्वच्छ तेल. नम्रता उजव्या हाताने कणीक मळत होती. सलोनी खाली बशी धरून बसली होती आणि रंग बदलला की ओरडून सांगत होती. फॅक्टरीत एकतीस वर्षं मी स्फोटकं भरायच्या सेक्शनला काढली. तिथे एखादं झाकण अडलं तर जोर लावायचा नाही, हात मागे घ्यायचा, असा नियम होता. मंगळवारी दुपारी हँडब्रेक सोडला आणि मी एकटीने गाडी शेडच्या दारापर्यंत ढकलली. नव्या बॅटरीवर इंजिनही लागलं, खोकत खोकत. सलोनी टाळ्या वाजवत होती.

हे काम मला तुझ्या बाबांनी शिकवलं. का शिकवलं, ते आपल्याला ठाऊक आहे अशी तुझी समजूत आहे. म्हणून आता नीट वाच.

ते मला मारायचे हे तुला आठवतं. जुन्या केबलची आतली तार शेडच्या दारामागे टांगलेली असायची, एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केलेली. भाजीत मीठ कमी पडलं, गॅरेजच्या गिऱ्हाइकाशी मी दोन शब्द जास्त बोलले, काहीही चालायचं. पाठीवरच मारायचे, कारण पाठ झाकता येते. फॅक्टरीच्या गेटवर बायकांची झडती घेणारी बाई रोज माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि ठरावीक ठिकाणी हात उचलून घ्यायची. दहा वर्षं हे चाललं. तू तेव्हा पुढच्या खोलीतल्या टेबलाखाली शिरून दोन्ही कानांवर हात दाबून बसायचास. रविवारी माझ्या हातून परात पडली. आवाज झाला तशी सलोनी याच टेबलाखाली शिरली, ज्याच्यासमोर तू आता बसला आहेस, आणि तिने कान दाबून घेतले. मी तिला बाहेर काढलं नाही. तिच्याशेजारी खाली बसले आणि मला रडू आवरेना.

तू नऊ वर्षांचा असताना डिसेंबरात एक गोष्ट झाली. बाबांच्या या गाडीचा चोक घट्ट लागत होता. बाबांना मदत करावी म्हणून तू त्यांच्या नकळत त्या केबलमध्ये तेल सोडलंस, आणि घरात होतं तेच सोडलंस, डोक्याला लावायचं खोबरेल. बिचाऱ्या, किती मायेने केलं होतंस. त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. सकाळपर्यंत खोबरेल आत थिजलं आणि चोक ठार बसला. बाबांनी केबल काढली, वास घेतला आणि तुला हाक मारली. त्याआधी त्यांनी तुला कधी हात लावला नव्हता. तारेचे दोन फटके तुझ्या डाव्या पोटरीवर बसले. मी मध्ये पडले, तिसरा माझ्या कानावर आला, त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं. तुझ्या पोटरीवरचा तो पांढरा वळ सायकलवरून पडल्याचा नाही. तू नम्रताला सायकल सांगितलीस. खरोखर विसरलास की लाज वाटते, ते तुझं तू बघ.

रक्त पुसून, पट्टी बांधून मी तुला शाळेत पाठवलं. घरापेक्षा शाळा बरी होती. मग बाबांनी मला शेडमध्ये बोलावलं. बॉनेटची दांडी ज्या खाचेत बसते ती खाच झिजली होती, म्हणून कुणीतरी दांडी धरून उभं राहावं लागायचं. मी धरून उभी राहिले. ते चोकची केबल परत बसवत होते. बसवून झाल्यावर ताठ झाले, उजवा हात पुढच्या पत्र्याच्या कडेवर टेकला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "येऊ दे त्याला शाळेतून, उरलेले देतो." तू म्हणशील, बाबांनी कितीदा सांगितलंय, दांडी निसटली. योगेश, दांडी निसटली नाही. मी ती काढली. बॉनेट खाली आलं आणि मी दोन्ही हातांनी, अंगाचं सगळं वजन टाकून ते दाबलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते ओरडले तरी मी हात काढले नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. तेव्हा मी बॉनेट उचललं. मदिनाबी आवाज ऐकून धावत आली, तिनेच फडक्यात हात गुंडाळला. तीन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरांना त्यांनी स्वतःच सांगितलं, दांडी निसटली. मरेपर्यंत तेच सांगितलं. माझ्याशी त्यावर चकार शब्द काढला नाही. पक्कड धरता येईना, तेव्हा पत्र्याच्या डब्यावर बसून मला सांगायला लागले, हे असं सोड, ते तसं ओव. मी शिफ्ट संपवून यायची आणि त्यांचे हात व्हायची. एक दिवस दारामागचा खिळाही रिकामा दिसला, तार कुठे टाकली ते मी विचारलं नाही. वीस वर्षं आम्ही दोघांनी शेडमधलं ते गॅरेज चालवलं, तुझं इंजिनिअरिंग त्याच्यावर झालं, आणि खोटं कशाला बोलू, शेवटी शेवटी मला ते आवडायलाही लागले होते. त्यांचा डावा हात शाबूत होता, हे लक्षात घे. त्यांनी तो पुन्हा कधी उचलला नाही.

नम्रता आज तिची तक्रार लिहून देणार आहे. कुठे ते सांगत नाही. साक्षीदार म्हणून माझी सही असेल. तुझ्या आईची सही तुझ्याविरुद्ध. दोघींना सोडून मी रविवारी गाडी घेऊन एकटी परत येईन. थांबलास तर जेवायला वाढीन आणि तू जे बोलशील ते चांगल्या कानाने ऐकीन. हात उचलायचा असेल तर माझ्यावर उचल, मला सवय आहे, पण मग तुझे हात कुठे टेकले आहेत तेवढं बघून उचल.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. शनिवारी नम्रता पळून आली आहे असं मला वाटलं होतं. ती पळून आली नव्हती. चहा पिऊन झाल्यावर तिने मला विचारलं, "आई, तुम्ही कसं सोसलंत? मला शिकवा. हे रोज म्हणतात, माझ्या आईने दहा वर्षं मार खाल्ला, तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून बाबा सुधारले आणि घर टिकलं." मोडका हात मांडीवर घेऊन ती पोर माझ्याकडे सोसायचं कसं ते शिकायला आली होती, तुझ्या सांगण्यावरून, माझ्या नावावर. सत्तावीस वर्षं मी गप्प राहिले ते तुझ्या बाबांची अब्रू राहावी म्हणून, आणि त्या गप्प बसण्याचा तू असा उपयोग केलास. बाबा माझ्या सोसण्याने सुधारले नाहीत. दहा वर्षं सोसलं आणि दहाव्या वर्षी तार तुझ्या पोटरीवर आली, एवढाच त्या सोसण्याचा उपयोग झाला. नम्रताला मी शनिवारीच खरं सांगितलं. तुलाही सांगायलाच हवं होतं, आणि मिसरूड फुटलं तेव्हाच सांगायला हवं होतं, ही माझी चूक. टेबलावर आहे ती तीच दांडी. गाडीला मी नवी बसवली आहे. ही तू कर्वेनगरला घेऊन जा आणि रोज नजरेला पडेल अशी ठेव. आशीर्वाद द्यावासा वाटतोय, काय करू. पण तो रविवारी समोर आलास तर देईन.

तुझीच,
आई