शालूच्या उपासांविषयी इंदूबाईस

अकोला,
रविवार, १७ मार्च १९६३

तीर्थरूप इंदूबाईस धाकट्या देवमनचा सविनय जयभीम. भाऊजींनाही सांगजो. तुझा गुडघा कसा आहे? त्याले शेक देजो आणि विहिरीवरून दोन-दोन घागरी आणणं सोडजो. श्रावणची बायको काय नुसती फोटो काढाले आणली काय? तुरी कशा झाल्या, भाऊजींचा खोकला कसा आहे, ती मारकी म्हैस कशी आहे, सारं कळवजो. (म्हशीचं आधी कळवजो. भाऊजी बिड्या सोडत नाहीत तोवर त्यांच्या खोकल्याचं काय ऐकायचं!) आम्ही इकडे सारे मजेत आहो, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मजेत नाही. तेच सांगाले बसलो आहे.

आपल्या शालूनं जेवण सोडलं. डिसेंबरात श्रावणच्या लग्नाहून परत आलो आणि पुढच्याच सोमवारी पोट्टी म्हणते, मले जेवायचं नाही, आज सोमवार आहे. बाई, माझ्या अंगाची नुसती आग झाली! छप्पन साली आपण नागपूरले जाऊन आलो, उपासतापास सारे सोडले. आपली आई म्हणाली होती ना, बिनदेवाचे उपास जन्मभर पुरतील इतके झाले, आता देवासाठी आणखी कशाले? आणि तिची नात, नववीत शिकणारी, सोमवार धरते! मी तिथंच बावीसच्या बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. (सतरावीशी थोडा अडखळलो, ते तिनंच सांगितलं.) सारं होईस्तोवर भाकरी गार झाल्या आणि मग त्या कोणालेच खाववल्या नाहीत.

मग गुरुवार आला. मग चतुर्थी. एका शनिवारी तर तिनं विचारलं, बाबा, शनिवारचाही असते ना? मी घाबरलो. समाजाचे बुधाजी गुरुजी तुले माहीत आहेत, त्यांना घरी बोलावलं. त्यांनी अंधश्रद्धेवर असं भाषण केलं की शेजारचे लोक ओट्यावर येऊन बसले. भाषणानंतर गुरुजींनी दुर्गाच्या हातचे अकरा वडे खाल्ले. शालूनं भाषण सारं ऐकलं, मान हलवली, आपलं ताट उचलून गुरुजींच्या पुढं सरकवलं. दुर्गा मले मोरीजवळ नेऊन म्हणाली, अहो, पोरगी देवासाठी उपाशी राहत नाही, काही दुसरं आहे. मी म्हटलं, तुले यातलं काय कळते? (हे वाक्य तू विसरून जाजो. मी विसरायचा प्रयत्न करून राहिलो, दुर्गा विसरू देत नाही.)

जानेवारीच्या शेवटी रमजान लागला. आमच्या भिंतीला भिंत लागून वाहेद शिंप्याचं घर आहे. त्याची नईमा आणि आपली शालू एकाच वर्गात. पोट्टीनं नईमासंगं रोजे धरले! म्हणजे सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि वरून रोजे. त्यातच महाशिवरात्र आली, तर त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. असा कडक उपास मी आपल्या गावच्या पाटलीणबाईचाही पाहिला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या कवायतीत ती धाडकन खाली पडली. दोघी मुलींनी धरून घरी आणली. तिचा हात हातात घेतला तर बांगडी कोपरापर्यंत गेली. बाई, माझं काळीज हललं.

पण काळीज हललं तरी अक्कल जागची हलली नाही. मी तडक वाहेदकडं गेलो आणि दारातूनच ओरडलो की तुमी लोकांनी माझी पोरगी उपाशी मारली. वाहेद बिचारा ईदचे कपडे शिवत होता, ढिगाऱ्यात बसलेला, त्याच्या तोंडात टाचण्या. आतून त्याची बायको नसीमबानो आली, पदर सावरला आणि हळूच म्हणाली, “भाईसाब, आमच्या नईमाचा रोजा मगरिबले, दिवस बुडला की सुटते. तुमच्या शालूचा कधी सुटते?”

खरंच, कधी सुटते? सोमवारचा सोमवारी रात्री सुटला नाही, चतुर्थीचा चंद्र निघाल्यावर सुटला नाही. नसीमबानो म्हणे, इफ्तारच्या वेळी ती पोरगी एक खजूर हातात घेते आणि खिशात घालते. इतके दिवस मी धर्म पाहत बसलो होतो आणि समोरचं लेकरू पाहिलंच नाही. नसीमबानोनं तिले जवळ घेऊन विचारलं होतं. तेव्हा पोट्टी रडली आणि म्हणाली, लग्नाले गेलो तेव्हा सारे माझ्या अंगाले हसले.

आता बाई, राग मानू नको, मानला तरी मी लिहिणारच. पंगतीत शालूनं दुसरा बुंदीचा लाडू घेतला तेव्हा “पोट्टी कापसाचा बोरा झाली वं, हिच्यासाठी नवरा कुठून आणसान?” हे कोण म्हणालं? तू म्हणाली. भाऊजी हसले, व्याही हसले, सारा मांडव हसला. चौदा वर्षांचं लेकरू, त्या वयात अंग भरतेच. तुले ती गंमत वाटली, पण तिनं ती गंमत घरी आणली आणि तीन महिने तेवढीच खाल्ली.

तिले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिले तपासलं, रक्त कमी आहे म्हणाल्या, औषध दिलं, दर आठवड्याले आणा म्हणाल्या. मग तिले बाहेर बसवून आम्हा दोघांचीच झाडाझडती घेतली. घरात कोण कोणाच्या अंगावरून बोलते? जेवाले सारे संगं बसता काय? खाण्यावरून रागावता काय? मी जकात नाक्यावरचा कारकून माणूस, सारी उत्तरं ‘नाही’ अशी द्यायची तयारी करून गेलो होतो. दुर्गानं सारी ‘होय’ अशी दिली.

तेव्हापासून मी ठाणलं आहे. या घरात कोणी जाडं नाही, कोणी काटकुळं नाही, काळं-गोरं नाही. संध्याकाळी तिघं एका वेळी बसतो, पेपर बाजूले, आणि शाळेचं, नाक्याचं, गाढवांचं, कशाचंही बोलतो, ताटाचं नाही. पण मले हे किती जड जाते! बैलगाडीत काय भरलं आहे हे पाहणं माझी नोकरी, आणि आता समोरच्या ताटात काय गेलं हे पाहायचं नाही. पहिल्या दिवशी मी तिचे घास मोजले, तेही मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी वरणात चोरून तूप टाकलं, ते तिनं ओळखलं आणि ताटावरून उठली. तिसऱ्या दिवशी न पाहायच्या नादात मी पाण्याच्या गडव्यात भाकर बुडवून खाल्ली. त्यावर मात्र ती हसली. दुर्गानं मले बजावलं आहे, तुमी फक्त जेवा. मी जेवून राहिलो. पोट्टी कधी चतकोर खाते, कधी अर्धी, कधी नुसतीच बसते. बसते तरी! वर्ष लागो, दोन लागो, मी हटणार नाही.

१४ एप्रिलले जयंतीसाठी तू येणार आहेस. तर एवढंच सांगणं, तिच्या अंगाविषयी चकार शब्द काढजो नको. काढला तर थोरली बहीण म्हणून मी पाहणार नाही.

तुझा,
देवमन

ता. क. येताना मूगवड्या आणजो.

ता. क. दुसरं. पत्र शालूविषयी आहे म्हणून टाकायच्या आधी तिले वाचाले दिलं. तिनं सारं वाचलं आणि म्हणाली, बाबा, आत्याचं मले काही वाटलं नव्हतं, आत्या साऱ्यांलेच म्हणते. परत येताना मोटारीत तुमी कंडक्टरले म्हणालात, हिचं दीड तिकीट फाडा. सारी मोटार हसली. तुमी सगळ्यांत जास्त हसले. बाई, हे मी म्हटलं होतं. मले आठवतही नव्हतं. चार पानं तुले रागावलो, आता ती फाडावी असं वाटलं, पण पोट्टी म्हणाली, राहू द्या, पाठवा. मी तिची माफी मागितली. तिनं खाली आपल्यासाठी जागा सोडाले सांगितलं. तर खरी विनंती ही आहे: तू येजो, पंधरा दिवस राहजो, आणि माझी जीभ पुन्हा वळवळली की चार लोकांपुढं म्हणजो, देवमन, गप. दुर्गाचं मी ऐकत नाही. तुझं ऐकतो.

ता. क. तिसरं, शालूच्या हातचं. आत्या, जयभीम. बाबा लिहून राहिले तसं तू येजो. पण मले पाहून ‘बारीक झाली, आता छान दिसते’ असंही म्हणजो नको. तेही नको. जयंतीले मी स्टेजवर भाषण करणार आहे. समोरच बसजो.